उशाशी सुरू होणारी पायवाट

मित्रांनो, मी एक जुना पट आहे. माझ्या अंगावर शाईचे डोंगर आहेत. वर्षातले थोडे दिवस मी भिंतीवर असतो, बाकी सारा काळ गुंडाळून लाकडी पेटीत.

माझा जन्म जपानमधल्या क्योतोचा. मला काढणारे रानशू चिनी विद्वानांच्या रीतीने चित्रे काढत. विकण्यासाठी नव्हे, मित्रांसाठी. गंमत अशी, की त्यांनी चीन कधी पाहिलाच नव्हता. त्या काळी देशाबाहेर पाऊल टाकणाऱ्याची मान उडवली जाई. नागासाकीच्या बंदरातून आलेली छापील चित्रांची पुस्तके, एवढीच त्यांची त्या देशाशी ओळख. तेवढ्यावर त्यांनी असे डोंगर उभे केले, की माझे मलाच अजून नवल वाटते.

त्यांचे मित्र तोकुआन चिनी ग्रंथ शिकवत. चीनचे ते डोंगर एकदा तरी आपल्या पायांनी चढायचे, हा त्यांचा जन्माचा ध्यास. पण उतारवयात अर्धांगवायूने त्यांचे पायच गेले. तेव्हा रानशूंनी मला काढायला घेतले. थोडे काढायचे, की मित्राच्या उशीपाशी चटईवर आडवे पडून पाहायचे, पुन्हा उठून काढायचे. माझ्या अगदी खालच्या काठाशी त्यांनी एक पायवाट सुरू केली. मग पूल, पाइनची झाडे, त्यावर कोरे धुके, आणि धुक्यावर पुढे झुकलेली शिखरे. सर्वांत वरच्या कड्यावर नखाएवढे एक छप्पर.

मला तोकुआनांच्या बिछान्यासमोर टांगले. रानशू रोज येत आणि विचारत, “आज कुठवर गेलास?”

“पुलापर्यंत. फळ्या कुजल्यात तुझ्या. पडलो असतो मी.”

“मग बघून चाल. मी काही दुरुस्तीला येणार नाही.”

धुक्यात मात्र तोकुआन बरेच दिवस अडकले. “वाटच सापडत नाही रे,” ते कुरकुरत.

“शोध. ठेवलीय मी.”

एका सकाळी त्यांनी पेजेचा वाडगा बाजूला सारला. रानशूंनी नेहमीसारखे विचारले. तोकुआन अगदी हळू म्हणाले, “छपराखाली बसलोय. काय वारा सुटलाय म्हणून सांगू.” बोटभरही न हललेल्या त्या माणसाच्या कपाळावर घाम होता, आणि चेहरा डोंगर चढून आलेल्याचा. रानशू त्यांचे निर्जीव पाय चेपत बसले. दोघांचे ते शेवटचे बोलणे.

पुढे मी पेटीत गेलो, हातोहाती फिरलो, आणि सोयाबीनचा आंबवलेला रस बनवणाऱ्या हिकोएमोन यांच्या घरी आलो. त्यांनी मला दिवाणखान्यातल्या कोनाड्यात टांगले. पाहुणे समोर ताठ बसून पाहत. बसल्यावर नजर नेमकी कोऱ्या धुक्यावर येई. “मधे काहीच नाही, आणि डोंगर तर अंगावर पडतात,” असे म्हणून ते हसत. हिकोएमोन यांना ते फार लागले. “वरचा भाग कापून टाकू,” ते बायकोला, ओताकीला म्हणाले. “खालचा पूल ठेवू. चहाच्या खोलीत शोभेल.”

चित्रे मढवणाऱ्या शिचिबेईला निरोप गेला. कडा जाणार, छप्पर जाणार. तोकुआन तिथेच बसले आहेत, असे मला अजून वाटत होते.

शिचिबेई यायच्या दिवशीच सकाळी हिकोएमोन पिंपावरचा दाबाचा दगड उचलायला गेले आणि त्यांच्या कमरेत उसण भरली. गड्यांनी त्यांना उचलून जवळच्या खोलीत, म्हणजे दिवाणखान्यात, माझ्याच समोर आणून निजवले.

“घरात एवढे गडी, पण दगड तुम्हीच उचलायचा,” ओताकी म्हणाली. “पडा आता डोंगर बघत.”

“तेवढंच बाकी होतं.”

पण करणार काय? मान वळली तेवढी वळवून ते पाहू लागले. आधी पूल पाहिला. मग पाइनची झाडे. ओसरीकडून उजेड तिरपा येत होता, आणि आडवे पडल्यावरच दिसेल अशी एक पुसट रेघ धुक्यात उमटली. पायवाट! शिखरे आता अंगावर पडत नव्हती. ती छतापलीकडे उंच गेली होती. हिकोएमोन कण्हायचे थांबले.

शिचिबेई आला, सुरी काढून बसला. “मालक, कुठून कापू?”

हिकोएमोन माझ्यावरची नजर न काढता म्हणाले, “ओताकी, इकडे ये. आडवी हो.”

“परक्या माणसासमोर? कमरेबरोबर डोकंही गेलं का?”

“हो म्हणतो ना.”

ती पुटपुटत आडवी झाली. मग म्हणाली, “अगंबाई, वर कुणीतरी राहतं वाटतं.”

शिचिबेईने सुरी म्यानात घातली आणि तोही मालकांच्या पायांशी लवंडला. त्या दिवशी मला सुरी लागली नाही. शिचिबेईने गव्हाची खळ लावून पाठीला नवा कागद दिला, एवढेच.

हिकोएमोन यांची कंबर केव्हाच बरी झाली. तरी उन्हाळ्यात मला हवेला काढले, की ते चटईवर आडवे होतात. ओताकी जवाच्या चहाचे तबक घेऊन जाता जाता विचारते, “आज कुठवर?” हा प्रश्न तिला कोणी शिकवलेला नाही. तो ऐकला की माझ्या जुन्या कागदावर शहारा येतो.

मित्रांनो, मला ओल्या हातांनी धरू नका, दमट भिंतीवर ठेवू नका. आणि मी कुठे तुम्हाला वेडावाकडा वाटलो, तर कापण्याआधी एकदा आडवे व्हा. ज्याच्यासाठी मला काढले, तो तिथूनच चढला होता.