मावशीचं नाव

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. हे शहाणपण मला उशिरा आलं, एवढं आधीच कबूल करते.

ऑस्ट्रेलियात, डार्विनला ज्या डायलिसिस सेंटरमध्ये मी नर्स म्हणून लागले, तिथे ती आठवड्यातून तीनदा यायची. इथल्या आदिवासी समाजातली, सत्तरी ओलांडलेली बाई. पोरवयात एका गोऱ्या मालकाच्या हजारो गुरांच्या कुरणावर स्वयंपाकघरात राबली होती. जेवण मिळायचं ते मागच्या दारी, लाकडांच्या ढिगावर बसून. एक दिवस या वागणुकीला विटून सगळी माणसं काम टाकून चालत निघाली, त्यांत तीही. पुढे त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीचा दावा उभा राहिला, तेव्हा तिने न्यायाधीशाला भर उन्हात पायी फिरवलं आणि एकेका पाणवठ्याचं नाव सांगितलं. एकही नाव चुकलं नाही. जमीन मिळाली. हे सगळं ती मशीनला जोडलेल्या हाताकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची.

मी तिला मावशी म्हणायचे. अर्थ विचारला तिने. आईची बहीण, म्हटलं. त्यांच्यातही आईची बहीण म्हणजे आईच, ती म्हणाली. मग मी 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण समजावून सांगितली, तर ती इतकी हसली की मशीनचा अलार्म वाजला.

जुलैमध्ये ती गेली.

ऑक्टोबरात आमच्या मराठी शाळेने वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या माणसांचं प्रदर्शन ठरवलं. मुलांनी एकेक माणूस घ्यायचा आणि त्याच्यावर बोलायचं. मंडळाचे श्रीनाथ यादी घेऊन आले: मंडेला, मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स. माणसं थोरच, प्रश्नच नाही. पण आपण राहतो इथे, खातो इथलं, आणि इथल्या एकाचंही नाव यादीत नाही? मी भांडले. तुझ्या मावशीला ओळखतं कोण, असं श्रीनाथ म्हणाले. म्हणूनच, मी म्हटलं. शेवटी माझ्या तोंडाला कोण लागणार म्हणून त्यांनी मान डोलावली, आणि मी हट्टाने बॅनरवर तिचं नाव सगळ्यांत मोठं छापून घेतलं. माझ्या नुपूरकडून, वय वर्षं दहा, भाषण पाठ करून घेतलं. त्यात ते नाव सात वेळा होतं. मावशीच्या मुलीला, जर्ट्रूडला, फोन केला. चार वाजता येते म्हणाली, बाकी काही विचारलं नाही.

रविवारी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. हे दिवस इथे फार वाईट. ढग येतात, गुरगुरतात, पडत काही नाही, आणि माणसं विनाकारण एकमेकांवर खेकसतात. मीही तीनदा नुपूरवर खेकसले. मावशीचा जुन्या वर्तमानपत्रातला फोटो मोठा करून शाळेच्या हॉलमध्ये आणला होता. त्याला कुंकू लावलं, अंगणातल्या चाफ्याचा हार घातला आणि लांबून बघून खूश झाले.

दोन वाजता रेनी मदतीला आली. ती मूळची वसईची, बारा वर्षं आमच्याच सेंटरमध्ये नर्स. फोटो बघून दारातच थबकली.

"मंजिरी, जर्ट्रूड येणारे ना? अगं, त्यांच्यात माणूस गेलं की नाव घेत नाहीत. फोटोपण दाखवत नाहीत, फॅमिली ओके म्हणेपर्यंत. ट्रेनिंगमध्ये होतं की."

होतं. ऑनलाइन होतं. डबा खाता खाता नेक्स्ट, नेक्स्ट दाबत मी ते संपवलं होतं, आणि दहापैकी दहा मिळवले होते.

जर्ट्रूडचा फोन लागेना. हार उतरवला, फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. स्टुलावर चढून बॅनरवरच्या नावावर माझी ओढणी चिकटवायला गेले, तर दमट हवेत टेप धरेना. नावासाठी तूच भांडत होतीस, श्रीनाथ म्हणाले. बरोबर बोलत होते, म्हणून जास्तच राग आला. नुपूर कागद घेऊन मागे मागे. नावाच्या जागी नुसतं 'ती' म्हण, मी सांगितलं.

"सात वेळा 'ती'? आई, इट साउंड्स लाइक वी आर हायडिंग हर."

मी टेपचे आणखी चार तुकडे फाडून ओढणी कशीबशी चिकटवली. दर दोन मिनिटांनी पार्किंगकडे बघत होते.

चारला जर्ट्रूड आत आली आणि त्याच वेळी ओढणीचं एक टोक सुटलं. निम्मं नाव उघडं पडलं. तिने मान फिरवली आणि आली तशी बाहेर गेली.

मी धावले. गाडीपाशी गाठून सगळं सांगितलं, नेक्स्ट नेक्स्टसकट. आमच्याकडे माणूस विसरू नये म्हणून नाव घेतात, हार घालतात, मला दुसरं सुचलंच नाही, म्हटलं. रडू आलं. तिने गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाली, आईने आयुष्यभर जागांची नावं सांगितली आणि आज तिचंच घेता येत नाही. वेळ झाली की ते परत येईल. पण घरात तिचा विषय निघाला की सगळे अडखळतात.

मग तिने विचारलं, "सेंटरमध्ये तू तिला काय म्हणायचीस?"

"मावशी."

"मावशी." तिने अगदी नीट म्हटलं आणि हसली. "घरी सांगितलं होतं तिने. आई जाते, ही राहते. मग हेच म्हणा."

आत श्रीनाथांनी कुणी न सांगता बॅनर उतरवून गुंडाळला होता. पोर गुणी निघालं की आईबापांचं नाव काढलं म्हणतात. आम्ही ते असं काढलं.

नुपूर माइकसमोर उभी राहिली. "आज मी मावशीबद्दल सांगणार आहे." समोर बसलेल्या प्रत्येकाला एक तरी मावशी होती, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लाकडांचा ढीग, काम टाकून निघालेली माणसं, पाणवठे, सगळं झालं. मी बोटांवर मोजत होते. सातव्या वेळी पहिल्या रांगेतून जर्ट्रूडनेही नुपूरबरोबर मोठ्याने 'मावशी' म्हटलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला आईला हाक मारता आली.