माझ्या पोटातला वास

मित्रांनो, या, बसा. मी एक जुना निळा ड्रम आहे, आणि जरा घाबरट आहे. एवढ्या जाडजूड अंगाच्या ड्रमाला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. ऐकून झाल्यावर हसायचं तर हसा.

वितळलेल्या प्लॅस्टिकच्या गरम गोळ्यात वारा फुंकला आणि मी फुगून जन्माला आलो. माझ्या आगेमागे जन्मलेले भाऊही तसेच, तोच निळा रंग, तेच काळं झाकण. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फरक पडला तो पोटात. काही भावांच्या पोटात हात धुवायचा साबण भरला गेला. माझ्या पोटात यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस काढायचं औषध ओतलं. औषध नुसतं म्हणायचं. त्याचा थेंब उडाला तर कामगारांची बोटं पांढरी पडायची. किती तरी महिने ते माझ्यात साठून राहिलं आणि हळूहळू माझ्या अंगात मुरलं. प्लॅस्टिक पितं, मित्रांनो. दिसत नाही, पण पितं.

मी रिकामा झालो तेव्हा मला कारखान्याच्या मागे, विषारी मालाच्या जाळीत ठेवलं होतं. साबणाचे रिकामे ड्रम मात्र भिंतीकडे रचलेले असायचे. ते कामगारांनी पाण्यासाठी घरी न्यायचे, अशी तिथली रीतच होती. एके दिवशी नवा माल उतरवायला जागा हवी होती. कुणीतरी मला घाईत उचललं आणि भिंतीकडे, साबणवाल्या भावांच्या शेजारी टेकवलं. दुसऱ्या दिवशी एका फिटरनं नेमकं मलाच उचललं.

हा फिटर बायको आणि लेक घेऊन आपला मुलूख सोडून तिथे नव्यानं आला होता. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मोरी, आणि मोरीतला नळ आपल्या मर्जीचा मालक. लहर लागली तर धो धो, नाहीतर नुसता खोकायचा.

"सगळं कसं वेळेवर या देशात," फिटरची बायको म्हणायची. "बस वेळेवर, कचऱ्याची गाडी वेळेवर. पाणी तेवढं जावयासारखं! येईल तेव्हा ताटं मांडायची आणि गेलं की वाट बघायची."

म्हणून घरात कुकरमध्ये पाणी, कढईत पाणी, फुलदाणीतसुद्धा पाणी. मी आल्यावर तिनं मला सोड्यानं घासलं, साबणानं घासलं, उन्हात पालथं घातलं. माझ्यात डोकं घालून वास घेतला.

"अहो, काय होतं यात?"

"साबण. सगळेच नेतात गं."

माझ्या तोंडाला शब्द असता तर मी तिथेच ओरडलो असतो. नव्हता.

पहिले महिने थंडीचे होते. थंडीत माझ्या अंगातलं विष अंगातच गोठून बसलं. माझ्या पाण्यानं धुणं व्हायचं, भांडी व्हायची. प्यायला मात्र दुकानातून बाटल्या यायच्या. तेवढाच मला धीर. पाणी गेलं की ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "तू आहेस म्हणून चाललंय बाबा." माझं कौतुक झालं की मला कुठेतरी लपावंसं वाटायचं.

मग ऊन तापलं. मोरीच्या खिडकीतून ते दुपारभर माझ्या पाठीवर बसायचं, आणि आतला एकेक कण पाण्यात उतरायला लागला. मला कळत होतं. पाणी माझ्या कुशीत निजलेलं, आणि मीच त्याला डसत होतो.

त्यांची लेक ठकू सहा-सात वर्षांची. तिला पहिल्यांदा कळलं.

"आई, पाण्याला बाबांचा वास येतो."

आई हसली. "बाबांचे कामाचे कपडे टांगलेत ना तिथे. तुझे बाबा म्हणजे चालतीबोलती कंपनी!"

खरंच, फिटरच्या कपड्यांना तोच वास होता. तो आईच्या नाकात इतका बसला होता की तिला तो आपल्या घरच्या माणसाचाच वाटायचा. आपल्या माणसाच्या वासाला कोण घाबरतं?

त्यानंतर रस्त्याखालचा मोठा नळ फुटला. भोंगा लावलेली गाडी गल्लीतून काही सांगत गेली. फिटरला त्या भाषेतलं अर्धं कळलं, आणि ते अर्धंही चांगलं नव्हतं. कारखाना पाण्याअभावी बंद पडला. दुकानातल्या बाटल्या बघता बघता संपल्या. घरातली कढई संपली, कुकर संपला, फुलदाणी संपली. उरलो मी, गळ्यापर्यंत भरलेला.

फिटर कॅन घेऊन पाणी शोधायला बाहेर पडला. ठकूचे ओठ सुकले होते. "आई, पाणी" म्हणत ती मोरीच्या दारात बसून राहिली. आईनं माझं झाकण उघडलं आणि पातेलं बुडवलं.

"उकळते हं सोन्या. उकळल्यावर काय राहतंय त्यात?"

सगळं राहतं, बाई! सगळं राहतं! मी भिंतीला टेकून थरथरत होतो, पण भरलेला ड्रम थरथरलेला कुणाला दिसतो? समोर स्वयंपाकघरात पातेल्याला वाफ आली. पाणी निवलं. तिनं पेला भरला. ठकूनं दोन्ही हातांनी तो तोंडाला लावला.

तेवढ्यात दार उघडलं. फिटर रिकाम्या कॅनसह आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"माझे कामाचे कपडे आत कुणी आणले?"

"कपडे? ते तर तुम्ही कंपनीतच ठेवून आलात ना."

"मग वास कशाचा..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. कॅन पडला, तो धावला, पेला भिंतीवर आपटला. ठकू घाबरून रडायला लागली.

"किती प्यायलीस? ठकू, किती?"

तिनं करंगळीचं टोक दाखवलं. "एवढंसं. कडू होतं."

आईनं तिला उचललं आणि तशीच अनवाणी जिना उतरली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आपल्याच मुलखातल्या. त्यांच्या गाडीतून त्या दोघी दवाखान्यात गेल्या. मागे राहिला फिटर आणि मी. त्यानं मला आडवं केलं. तहानलेल्या घरातलं शेवटचं पाणी मोरीच्या जाळीतून गेलं. तो बघत होता आणि ओठ चावत होता. मग तोही दवाखान्याकडे पळाला, आणि त्या सुन्या घरात मी जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला दचकत राहिलो.

संध्याकाळी जिन्यात ठकूचा आवाज आला. बाटलीतलं पाणी एकटीनंच प्यायचं म्हणून ती आईशी भांडत होती. डॉक्टर म्हणाले होते, थोडक्यात निभावलं, लक्ष ठेवा. मित्रांनो, इतकं गोड भांडण मी कधी ऐकलं नाही.

मला पुन्हा धुऊन जिन्याजवळ ठेवलं, फेकायला. पाणी सुरळीत झालं आणि हवाही गार पडली. एके सकाळी शिंपीणबाई मला गडगडवत खाली नेऊ लागल्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, घरात तान्हं बाळ होतं. माझं पुन्हा धाबं दणाणलं.

"मावशी, तो ठेवा खाली!" फिटर वरून ओरडला.

"फेकायचाच आहे ना? मला राहू दे की."

"ठकूला त्यातल्याच पाण्यानं दवाखान्यात न्यावं लागलं होतं."

"अरे, पाणी शिळं असेल. हा बघ, साबणाचा वास येतोय नुसता. परदेशात आलं की माणसं चिकट होतात हो!"

तो वाद घालत बसला नाही. आतून ड्रिल घेऊन आला, मला पालथं घातलं आणि माझ्या तळाला भोकं पाडायला लागला. एक, मग आणखी एक, मग चाळण होईपर्यंत.

"नाही द्यायचा तर नाही म्हण," शिंपीणबाई म्हणाल्या. "चांगली वस्तू कशाला नासवतोस?"

त्यानं स्वतःच्या घरातला नवा कॅन आणून त्यांच्या हातात दिला. त्या फुरंगटून गेल्या, पण कॅन घेऊन गेल्या. मला दुखलं का? दुखलं. पण त्या दुखण्यात मला आयुष्यात पहिल्यांदा झोप लागली.

आता मी मोडक्या सामानाच्या आवारात पडून असतो. माझ्याकडून कुणाचं वाईट होणार नाही. पण मित्रांनो, माझ्यासारखेच औषध प्यायलेले माझे भाऊ अजून हिंडताहेत, अगदी साबणवाल्यांसारखे दिसणारे. आत्तासुद्धा कुठल्यातरी मोरीत, कुणीतरी झाकण उघडून तांब्या बुडवत असेल. मला इथून हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. मारा.