महादेवप्पाचा गुप्त आजार

लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. पावसानं दगा दिला होता, उदगीरचे आड तळाला गेले होते आणि महादेवप्पा बायकोला खोलीत सोडून एकटाच माळवदावर झोपायला लागला होता.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मोंढ्यात धान्याचं दुकान असलेला तिशीचा तगडा गडी; पण बायकोनं, मल्लम्मानं, विचारलं की "उकडतंय," एवढंच म्हणे. सासू सिद्धम्मा, जिला घरात अव्वा म्हणत, सुनेलाच धारेवर धरायची. "नवरा वर का झोपतो? तुझंच काहीतरी चुकत असंल."

मल्लम्मा ऐकून ऐकून विटली. एका दुपारी नवरा जेवायला आला, तेव्हा तिनं त्याला खोलीत घेऊन कडी लावली.

"मी नको असंल तर सांगा, माहेरी जाते. अव्वांचं बोलणं आता सोसणार न्हाई."

तो घुटमळला. "खाली दाणे आलेत. पिवळट, बारीक. दुखत न्हाईत, खाजत न्हाईत. पण जात बी न्हाईत."

"कुठं खाली?"

"अगं, खाली म्हंजे खाली!"

पाण्याच्या टंचाईत आंघोळ धड होत नाही म्हणून आले असतील, असं त्याला आधी वाटलं होतं. मग तो बसस्टँडजवळच्या तंबूतल्या वैदूकडे गेला. वैदूनं न बघताच मोठा रोग ठरवला, बायकोजवळ जायचं नाही म्हणून बजावलं आणि लेप दिला. लेपानं कातडी पोळली. दाणे होते तिथंच राहिले.

"आणि तुम्ही लावतच राहिलात?"

"जळतंय म्हंजे लागू पडतंय, असं म्हणला तो."

मल्लम्मानं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिनं त्याला लातूरला नेलं. तिथं कातडीचे डॉक्टर बसत.

डॉक्टरांनी पडद्याआड नीट तपासलं आणि विचारलं, "हे पोळलंय कशानं?"

महादेवप्पानं लेपाचं सांगितलं. डॉक्टर वैतागले. "अहो, हे दाणे म्हणजे कातडीतल्या तेलाच्या बारीक ग्रंथी. कित्येक पुरुषांना असतात. रोग नाही, कुणाला लागत नाहीत. आंघोळीचाही संबंध नाही. औषध लागतंय ते तुम्ही स्वतः केलेल्या जखमेला. ती भरली की झालं."

"एखादी सुई तरी मारा, साहेब."

"कशाला?"

"लई लांबून आलो."

"लांबून आलात म्हणून सुई टोचू?"

बाहेर आल्यावर मल्लम्मा तरातरा पुढं चालली. तो मागून म्हणाला, "तुला लागलं असतं तर? म्हणून लांब राहिलो."

ती थांबली. "हे एवढं आधी सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"आणि मी रोज बोलणी खात होते, त्याची वाटली न्हाई?"

 संध्याकाळच्या एसटीनं दोघं परतले.

घरी सिद्धम्मा उंबऱ्यातच उभी होती. "कुठं फिरवून आणलं गं माझ्या लेकाला?"

मल्लम्मा तोंड उघडणार, तोच तो पुढं झाला. "अव्वा, तिला काही बोलू नको. तिचा काही कसूर न्हाई. मलाच आजाराचा वहम झाला होता."

"आजार? कसला आजार?"

महादेवप्पानं बायकोकडं बघितलं.

"सांगा की," मल्लम्मा म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.