बारा अंश कललेलं दार

अख्खं गाव धक्क्यावर लोटलं होतं. न्यूफाउंडलंडच्या बोचऱ्या वाऱ्यातही म्हातारे टोप्या काढून उभे होते. अझराया काका, सातवा मुलगा म्हणून गावाच्या लेखी जन्मजात सिद्धपुरुष, आमच्या बोटीच्या लोखंडी दारावर हात फिरवत पुटपुटत होता. अशी दोन दारं समुद्राच्या तळावरून ओढत नेली की जाळ्याचं तोंड उघडं राहतं. दार किती कललं, ते त्यावरचा सेन्सर स्क्रीनवर दाखवतो. मी बोटीवर असले की बारा अंश, मी घरी राहिले की शून्य! मासे दोन्ही वेळा सारखेच मिळत, पण तिकडे बघतो कोण?

"समुद्राला बाई नकोय," काका माझ्याकडे बोट दाखवत गरजला. "ब्राइडला उतरवा, दार आपसूक सरळ होईल."

"दाराला एवढं कळतं, तर मासेही तेच पकडेल की!" मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. धाकटा भाऊ लिअँडर म्हणाला, "ताई, हट्ट सोड. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

अकरा वर्षं मी जाळी ओढली होती. पुढच्या हंगामात बाबा बोट माझ्या हाती देणार होते. आता त्यांनीच माझी बॅग धक्क्यावर आणून ठेवली.

"बाबा, दाराचा तळ तरी बघा. कालच्या फेरीत मी होते. दार कललं असेल, तर एकच कड घासलेली असेल."

स्क्रीन येण्याआधी बाबा दाराच्या तळाला लावलेल्या पट्टीची चकाकी बघूनच दाराचा कल सांगत. कित्येक वर्षांनी ते वाकले. "सगळी पट्टी सारखीच घासलीय," ते हळूच म्हणाले.

मी सेन्सर दारावरून काढला. मागे लाकडाची पाचर होती. दार सरळच होतं, सेन्सर तिरका बसवला होता.

"समुद्राची करणी!" काका पुटपुटला.

"समुद्रानं करवत कुठून आणली, काका?"

सेन्सर चार्ज करून बसवण्याचं काम एकट्या लिअँडरचं. त्यानं मान खाली घातली. "बोट मला हवी होती, ताई. तू येणार असलीस की पाचर घालायचो."

"मग बाबांकडे मागायचीस. समुद्राच्या नावानं माझा गळा का कापलास?"

काकाचा मला फारसा राग आला नाही, ढोंग हा त्याचा धंदाच. पण ज्याला मी जाळं विणायला शिकवलं, त्याच्यामुळे मी आतून तुटले.

म्हणून सांगते, कोणी चमत्कार दाखवला की विचारा, हे मोजलं कशानं आणि ते यंत्र बसवलं कोणी? माणूस आपला असला तरी विचारा. मी इतके दिवस विचारलं नाही, कारण तो माझा भाऊ होता.