नांबेवेचा डावा हात

नांबेवेच्या डाव्या हाताने पहिला दगा दिला तो न्सिमा वाढताना. मळ्यातून येऊन, नातीला पाठीवर घेऊनच तिने न्सिमासाठी मक्याचं पीठ घाटलं आणि डाव भरून वाढायला वळली, तर डाव्या हातातली ताटली चुलीच्या राखेत. ताटली सुटली हे तिला आवाजावरून कळलं, हाताने काही सांगितलंच नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कुणा दुसऱ्याची असावीत तशी लोंबत होती.

ती ताटली पुसून जेवायला बसली, पण लक्ष त्या बोटांकडेच होतं. तिचा नवरा गेला तेव्हा असंच झालं होतं. डाव्या हाताला मुंग्या येताहेत म्हणाला, आंब्याखाली चटई टाकून आडवा झाला, तो उठलाच नाही. दवाखान्यातल्या माणसांनी हृदय म्हणून सांगितलं. तेव्हापासून डावा हात म्हणजे हृदय, एवढं वैद्यक नांबेवेला पाठ होतं.

मरणाला ती फारशी भीत नव्हती. काळजी होती ती यांखोची. यांखो तिची नात, तियामिकेची मुलगी. तियामिके राजधानीत, लिलाँग्वेत, एका बेकरीत कामाला होती. दूध तुटल्यावर तिने पोर आईकडे आणून सोडली होती, आणि तेव्हापासून यांखोचा मुक्काम आजीच्या पाठीवर. मळ्यात पाठीवर, पाण्याला पाठीवर, चर्चमध्ये पाठीवर. पोर आता चांगली गरगरीत झाली होती, पायांना हवं तेव्हा पंख फुटायचे, पण आजीने चिटेंजे, पोर बांधायचं कापड, हातात घेतलं की लगेच पाठीशी येऊन उभी राहायची. शेजारची फालेसी म्हणायची, "हिचं लग्न ठरेल तेव्हा नवऱ्याला सांगावं लागेल, बाबा, नवरी आजीसकट घ्यावी लागेल." नांबेवे हसायची आणि गाठ आवळायची. रिकाम्या घरात पुन्हा आपलं ऊबदार पोर आल्यावर कोण खाली ठेवतंय? तियामिके लहान असताना मळ्याच्या कामापायी तिला असं मिरवता आलं नव्हतं, ते सगळं ती आता वसूल करत होती.

हाताची गोष्ट तिने फालेसीला सांगितली, आणि फालेसीच्या पोटात काही राहायचं म्हणजे चाळणीत पाणी राहायचं. रात्र व्हायच्या आत तियामिकेचा फोन. हृदयाचं दुखणं असेल तर पोरीला तिथं ठेवणं बरं नाही, मी शनिवारी येते, यांखोला घेऊन जाते, म्हणाली. आवाज रडका होता, पण ठाम होता. नांबेवेने फोन ठेवला आणि बराच वेळ झोपलेल्या पोरीचे पाय चेपत बसली. डाव्या हाताला ते पाय नीट लागतही नव्हते.

शनिवारी सकाळीच ती सालिमाच्या दवाखान्यात निघाली. लेक यायच्या आत निकाल हवा होता. यांखो पाठीवर, फालेसी सोबतीला, तीही वाटभर आपल्या मावशीच्या हृदयाच्या कथा ऐकवत. बाकावर नंबर लागला तेव्हा नांबेवेने पोर सोडून फालेसीकडे दिली, चुरगळलेलं चिटेंजे झटकून कमरेला गुंडाळलं आणि आत गेली. डॉक्टरसमोर पोर पाठीवर घेऊन जाणं तिला बरं वाटेना.

आतले डॉक्टर कुम्वेंडा तरुण होते, पण घाईचे नव्हते. कधी बधिर होतो, विचारलं. मळ्यातून आल्यावर, पाण्याहून आल्यावर, ती म्हणाली. रात्री झोपल्यावर बरा होतो. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. श्रमाने होतं आणि विसाव्याने जातं, हे त्यांनाही हृदयाचंच लक्षण वाटलं. मग वायरी लावल्या, यंत्रातून कागदाची पट्टी निघाली, रक्तदाब झाला, छातीत दुखतं का, दम लागतो का, सगळं झालं. डॉक्टरांनी पट्टी दोनदा पाहिली.

"आजी, हृदय उत्तम चाललंय. माझ्यापेक्षा चांगलं."

नांबेवेला बरं वाटलं, पण पुरतं नाही. मग हात कशाने मेला? डॉक्टरांनी तिच्या बोटांना सुईचं टोक लावलं, मान वळवून पाहिली, खांदा दाबला. गळ्याखालच्या हाडाजवळ दाबताच करंगळीपर्यंत झिणझिण गेली आणि ती कळवळली.

"शीर दबतेय इथं," डॉक्टर म्हणाले. "या खांद्यावर काही ओझं घेता का?"

"नाही. पाणी डोक्यावर, लाकडं डोक्यावर. खांद्यावर काही नाही."

"आठवून बघा."

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काही आठवेना. डॉक्टरही बुचकळ्यात पडले, गोळ्या लिहून द्यायला लागले. इतक्यात बाहेर यांखोने टाहो फोडला. नांबेवेने पुढचं ऐकलंच नाही. दाराबाहेर जाऊन वाकली, पोर पाठीवर घेतली, चिटेंजे डाव्या खांद्यावरून आणि उजव्या काखेखालून आणून छातीवर करकचून गाठ मारली. पोर गप्प. कापडाचा दोरखंडासारखा पीळ नेमका तिथंच बसला होता जिथं आत्ता डॉक्टरांचा अंगठा होता.

डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. मग हसू लागले.

"आजी, हे ओझं नाही होय?"

नांबेवेला राग आला. "ही ओझं कशी? ही माझी नात आहे."

फालेसी बाकावर हसून आडवी व्हायची राहिली. नांबेवेला समजायला एक क्षण लागला. मग तिचे डोळे भरले आणि तीही हसली. इतका हलकेपणा तिला कित्येक दिवसांत वाटला नव्हता. डॉक्टरांनी मात्र बजावलं: हात परत यायला काही आठवडे लागतील, पण पोर आता पाठीवर नाही. चालू दे तिला.

घरी परतल्यावर फाटकाशी तियामिके उभी. पोरीचे कपडे न्यायला रिकामी पिशवीसुद्धा आणली होती. सगळं ऐकून ती आईच्या गळ्यात पडली, मग तिथंच बसकण मारून हसत रडली. "म्हणजे पोर दिवसभर पाठीवर?" एवढंच म्हणाली. पिशवीत तिने जाताना कच्चे आंबे भरून नेले.

पहिले काही दिवस दोघींनाही जड गेले. यांखो चिटेंजे दिसलं की पाठीला चिकटायची, आणि नांबेवेची पाठ रिकामी रिकामी वाटून तिला सारखी थंडी वाजल्यासारखं व्हायचं. नंतर पोरीला वाटेतल्या मुंग्या, खडे, कोंबड्या सापडल्या, आणि पाण्याच्या वाटेवर ती आजीच्या पुढे धावू लागली.

एके सकाळी ती अशीच पुढे गेली, थांबली, मागे आली आणि आजीचा डावा हात धरला. आंब्याने चिकट झालेली बोटं होती. करंगळीला तो चिकटपणा लागला, मग पोरीच्या नखाचा बारीक ओरखडा. नांबेवे वाटेतच थबकली, डोक्यावरचा हंडा सावरला, आणि पोरीचा तो हात तिने विहिरीपर्यंत सोडला नाही.