अक्रोडाची मूठ

“हात लावू का?” वर्लानं विचारलं. सुऱ्यांच्या प्रदर्शनात विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही.

“तुम्ही नाही लावायचा तर कुणी, वहिनी?” टेबलामागून ग्रेडी म्हणाला. “डेल्मरच्याच हातची आहे.”

वर्लानं नवऱ्यानं घडवलेली ती शिकारी सुरी उचलली. पात्याकडे तिनं पाहिलंच नाही. अक्रोडाच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली.

“मला दे ना रे ही.”

“माझ्या हातात असतं तर घरी आणून दिली असती. ज्यांच्याकडे होती ते वारले, आणि त्यांच्या मुलाची अट आहे, चिठ्ठ्या टाकूनच विकायची. तुम्हीही टाका की! देव आहे.”

तिनं चिठ्ठी टाकली. दुपारी ग्रेडीनं हॅटमध्ये हात घातला. नाव निघालं टल्साच्या एका दातांच्या डॉक्टरचं. लोकांनी त्याची पाठ थोपटली. “आता दात याच सुरीनं काढणार का रे?” कुणीतरी ओरडलं.

वर्लानं त्याला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं.

“मला देता का ही? म्हणाल ती किंमत देते.”

“आजी, सात वर्षं चिठ्ठ्या टाकतोय, आज पहिल्यांदा निघाली. दुसरं काहीही मागा.”

मग जे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. “ही मूठ पाळण्याच्या लाकडाची आहे. आमची मुलगी जेमतेम दोन आठवडे जगली. ह्यांनी पाळणा फोडला, त्याची मूठ केली, आणि घरात बघवेना म्हणून त्याच आठवड्यात सुरी विकून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही.”

डॉक्टरनं डोक्यावरची टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले. वर्लाला वाटलं, देणार.

“आजी, हे कुणालाच माहीत नव्हतं?”

“नाही.”

“मग मी शब्द देतो. मरेपर्यंत ही सुरी माझ्या घराबाहेर जाणार नाही. तिजोरीत ठेवीन, काचेत ठेवीन, पण विकणार नाही.” त्यानं तिचा हात घट्ट धरला. तो मनापासून बोलत होता. आपण तिला काही दिलं असंच त्याला वाटत होतं.

ग्रेडीला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. “अहो वहिनी, सुरी हातात यायच्या आधी गोष्ट सांगतात होय? इथं लोक पोलादाला भुलत नाहीत, गोष्टीला भुलतात. डेल्मरच्या संसारात एवढी वर्षं काढलीत, आणि एवढं ठाऊक नाही?”

ती पर्स उचलून दाराकडे निघाली. डॉक्टर मागून धावत आला. त्याच्या हातात एक कोरं कार्ड होतं.

“एकच विचारायचं राहिलं. बाळाचं नाव काय होतं? सुरीबरोबर लिहून ठेवतो.”

वर्लानं कार्डाकडे पाहिलं.

“नाव ठेवलं नव्हतं,” ती म्हणाली.

बाहेर गाडीत बसून तिनं काचा वर केल्या. “ओपल,” तिनं एकदा हाक मारली. मग गाडी सुरू केली.