शारदाबाईंच्या हातात आलेले दार

मित्रांनो, मी एक जुना मातीचा गोळा आहे. माती म्हटले की तुम्हाला शेत आठवेल, नाहीतर कुंभाराचे चाक. मी त्यातला नाही. मेण, तेल आणि बारीक भुकटी कालवून मला कारखान्यात बनवले. दिसायला मी थेट रागी मुद्देसारखा, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यासारखा, आणि अंगाला गंधकाचा वास. थंड असलो की दगड, ओव्हनमध्ये तापवला की लोणी. मी कधी वाळत नाही, म्हणून मला आजवर शेकडो वेळा खरवडले आणि शेकडो वेळा पुन्हा लावले. एवढे सोसूनही मी कुरकुरत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण मोटारगाडी पत्र्याची होण्याआधी मातीची होते. खऱ्या गाडीएवढा सांगाडा उभा करतात, त्यावर माझ्यासारखी माती लिंपतात आणि पोलादी पात्याने तासून तासून आकार काढतात. मोठी माणसे येऊन भोवती फिरतात, डोळे बारीक करतात, माना हलवतात. आकार पसंत पडला की लेझरने त्याचे माप घेतात. मग त्या मापाची गाडी पत्र्यात घडते आणि रस्त्यावर धावते. आम्ही मात्र खरवडून परत खोक्यात.

मी वीस वर्षे एका जुन्या, नावाजलेल्या मोटार कंपनीत होतो. तिथे माझा सांभाळ करणारे कारागीर म्हणजे नरसिंगराव. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण बोलता बोलता कानडी शब्द सहज यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांच्या बोटांना मिलिमीटरचा दहावा भाग कळायचा. डोळे मिटून ते माझ्यावरून तळवा फिरवत आणि म्हणत, "इथं स्वल्प फुगलंय." मोजून पाहिले की तेवढेच फुगलेले निघायचे.

त्या कंपनीत अण्णांनी एकदाच एक सूचना केली होती. मागच्या दाराचा उंबरठा उंच आहे, वयस्क माणसांचा पाय अडकतो, एवढेच. तो कागद या साहेबाकडून त्या साहेबाकडे, या मजल्यावरून त्या मजल्यावर गेला आणि दीड वर्षाने परत आला. वर लिहिले होते, 'पुढच्या वेळी पाहू.' पुढची वेळ आली तेव्हा सगळे आकार संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले होते. अण्णा निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि नारळ मिळाला, शिवाय काय हवे ते मागा म्हणाले. अण्णांनी मातीची दोन खोकी मागितली. साहेबांना वाटले, म्हातारा गंमत करतोय.

अशा रीतीने मी येलहंक्याला अण्णांच्या घरी आलो. आणि थेट माळ्यावर. तीन वर्षे तिथे होतो. शेजारी जुना पाळणा आणि दिवाळीचे आकाशकंदील. कोणी हात लावेना. मित्रांनो, खरवडल्याचे दुःख नसते, पण कोणी हातच लावत नाही याचे होते. करमणूक एकच, खाली घरात चाललेले बोलणे ऐकायचे.

खाली अण्णांच्या पत्नी शारदाबाई असत. त्यांच्या बोटांचे सांधे धरले होते. लिंबू पिळणे, बरणीचे झाकण फिरवणे, सगळेच अवघड. तरी दर गुरुवारी त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, धाकट्या बहिणीकडे, कमलाकडे, भजनाला जायच्या. बहीण पेटी वाजवायची, या गायच्या. एवढ्या लांब ऑटोत कंबर टिकत नाही, म्हणून टॅक्सी बोलवायच्या.

एका गुरुवारी, हे मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळले, नव्या तऱ्हेची विजेची टॅक्सी आली. तिच्या दाराचे हँडल दारातच बसवलेले, अगदी सपाट. एका टोकाला अंगठ्याने दाबायचे, मग दुसरे टोक बाहेर येते, ते ओढायचे. शारदाबाईंचा अंगठा दाबत नव्हता आणि बोटे ओढत नव्हती. त्या दार चाचपत उभ्या राहिल्या. मागे गाड्या थांबल्या, हॉर्न सुरू झाले, ड्रायव्हर आतून हातवारे करू लागला. शेवटी फाटकातून अण्णा धावत गेले आणि त्यांनी दार उघडून दिले.

पुढच्या गुरुवारी शारदाबाई गेल्याच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

"अगं, मी येतो ना सोबत. मी उघडतो दार," अण्णा म्हणाले.

"दुसऱ्यानं दार उघडायचं, दुसऱ्यानं आत बसवायचं. मी काय पार्सल आहे?" शारदाबाई म्हणाल्या. "राहू द्या. कमला फोनवर भेटते."

मला वरून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी एकदाही गुणगुणले नाही. मला फार वाईट वाटले.

याच सुमारास अण्णांचे नाव ऐकून आसावरी घरी आली. ही पुण्याची मुलगी, गाड्यांचे आकार काढण्याचे शिकलेली. हेब्बाळच्या पुढे एका शेडमध्ये चाळीस जणांची नवी कंपनी होती, तिथे ती कामाला होती. मोठमोठ्या जुन्या कंपन्यांसमोर आपली विजेची गाडी उभी करायची, असे या मंडळींनी मनावर घेतले होते. तिथला मुख्य निहार. नागपूरचा, तिशीतला, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला. गाडीचा आकार पडद्यावर तयार होता, पण आसावरीचे समाधान होत नव्हते.

"अण्णा, स्क्रीनवर सगळं परफेक्ट दिसतं हो. पण हात लावून बघता येत नाही," ती म्हणाली. "याल का?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिले, मग माळ्याकडे. त्याच संध्याकाळी दोन्ही खोकी खाली आली. मित्रांनो, त्या वेळी मला झालेला आनंद सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

शेडमध्ये काम जोरात सुरू झाले. आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. मातीची गाडी एकच असते, पण तिच्या डाव्या आणि उजव्या बाजूला दोन वेगळे आकार काढतात. दोन्ही पाहून एक निवडायचा. डावी बाजू निहारने सांगितली तशी झाली, दारे सपाट, हँडल दारात बुडालेले. उजव्या बाजूला काय करायचे ते अण्णा आणि आसावरीवर सोडले होते.

त्या आठवड्यात अण्णांनी मूठभर माती डब्यात घालून घरी नेली. ती मूठभर माती म्हणजे मी. घरी ओव्हन नव्हता. त्यांनी मला सरळ इडलीपात्रात ठेवले.

"अय्यो! माझं इडलीपात्र!" शारदाबाई धावत आल्या. "कसला वास हा?"

"घासून देतो मी. आधी इकडे हात दे. दार ओढायचं असल्यासारखं धर."

"आता या वयात मातीशी खेळायचं?"

"धर गं. स्वल्प जोरात."

"सरी, बरं, धरलं."

त्यांची बोटे माझ्यात रुतली. ती सरळ नव्हती. दोन वाकडी होती, अंगठा अर्ध्यावर थांबला होता. पण मी गरम होतो आणि त्यांना ते बरे वाटले असावे, कारण त्यांनी हात लगेच काढला नाही. मी वीस वर्षांत किती हात पाहिले. एवढ्या हळुवारपणे मला कोणी धरले नव्हते.

अण्णांनी तो खळगा पात्याने साफ केला, कडा गोल केल्या आणि उजव्या बाजूच्या मागच्या दारावर त्याचे हँडल केले. वरून आत हात घालायचा आणि सगळ्या पंजाने ओढायचे, दाबायचे काही नाही. निहारने ते दोनदा पाहिले. तो वाईट मुलगा नव्हता हो. त्याने समजावून सांगितले.

"अण्णा, सुंदर झालंय. पण या खळग्यात वारा अडतो. एका चार्जमध्ये चारेक किलोमीटर कमी होतील. त्या मोठ्या कंपनीची गाडी आपल्याच महिन्यात येतेय. लोक दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघतात. आणि आता सगळ्यांची हँडल्स सपाटच आहेत. आपलीच जुनाट दिसायला नको." मग आसावरीकडे वळून तो म्हणाला, "सोमवारी स्कॅन आहे. उद्या शनिवारी दुपारी सगळे बघतील, आणि संध्याकाळपर्यंत ही बाजू भरून सपाट करून घ्या."

आसावरीचे डोळे भरून आले. अण्णांनी पाते पुसून ठेवले. त्यांना 'पुढच्या वेळी पाहू'ची सवय होती.

शनिवारी सकाळी अण्णा माझ्या कडा शेवटच्या एकदा नीट करू लागले आणि घाईत मी निखळून त्यांच्या हातात आलो. त्यांनी मला तापवले आणि परत बसवले. पण खालची माती थंडच राहिली. मित्रांनो, थंड मातीवर गरम माती नीट धरत नाही, हे शिकाऊ कारागीरसुद्धा सांगेल. चाळीस वर्षे काम केलेल्या अण्णांकडून त्या दिवशी ही चूक झाली. मन थाऱ्यावर नव्हते त्यांचे. मग गाडीवर चंदेरी रंगाची पातळ फिल्म ताणून बसवली, काचांच्या जागी काळी लावली. अशी सजवली की मातीची गाडी हुबेहूब खरी दिसते.

दुपारी सगळे गोळा झाले होते. तेवढ्यात शारदाबाई आल्या. अण्णा डबा घरी विसरले होते आणि शेजारच्या काव्याने तिच्या स्कूटरवरून त्यांना आणून सोडले होते. डबा हातात घेऊन त्या दारातच थबकल्या. समोर नवी कोरी गाडी!

आपले यजमान गेले दोन महिने गाडी करताहेत, एवढेच त्यांना माहीत होते. मातीचे असतात ते लहान नमुने, अशी त्यांची इतक्या वर्षांची समजूत होती; खऱ्या गाडीएवढी मातीची गाडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांना वाटले, झाली. आज आपल्याला बसवणार. त्यांनी डबा खुर्चीवर ठेवला, पदर सारखा केला आणि टॅक्सीत बसतात तशा डाव्या बाजूला गेल्या.

हात दारावरून फिरू लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी पलीकडच्या बाजूला होतो, पण गाडीच्या पुढे भिंतीवर मोठा आरसा होता, त्यात मला सगळे दिसत होते. त्यांनी हात मागे घेतला आणि पदरात लपवला. अण्णा पुढे होणार, इतक्यात त्या गाडीच्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आल्या. बहुतेक नुसते पाहायलाच आल्या. पण हात आपणहून वर आला आणि माझ्यात शिरला. दोन वाकडी बोटे, अर्ध्यावर थांबणारा अंगठा, सगळे जिथल्या तिथे. त्यांनी ओढले.

आणि मी निघालो! फिल्म टरकन फाटली आणि मी हँडलसकट त्यांच्या हातात आलो.

शारदाबाई एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहत राहिल्या. "अहो, मोडली हो मी गाडी," त्या पुटपुटल्या.

"तुझी चूक नाही," अण्णा पटकन म्हणाले. "माझी. खालची माती तापवली नव्हती मी. निहारसर, तासाभरात पहिल्यासारखं करून देतो."

निहार त्यांच्याकडे पाहतच नव्हता. तो शारदाबाईंच्या मुठीकडे पाहत होता.

"काकू," तो म्हणाला, "त्या बाजूला काय झालं?"

"तिथं हाताला काही लागेना रे बाळा. मला वाटलं, हीपण तसलीच."

"आणि इथे?"

शारदाबाईंनी मूठ उघडली. मी त्यांच्या तळहातावर पडलो होतो. त्यांनी दुसऱ्या हाताने माझा खळगा चाचपला, मग हळूच नवऱ्याकडे पाहिले. "हा तर माझाच हात आहे," त्या म्हणाल्या. "इडलीपात्रातला."

आसावरी हसली आणि रडलीही. निहार मात्र 'हीपण तसलीच' या दोन शब्दांपाशी थांबला होता. त्या चाळीस जणांनी नोकऱ्या सोडल्या होत्या त्या वेगळी गाडी करायला, आणि एका बाईने दाराला हात लावून सांगितले होते की हीपण तसलीच. तो डाव्या बाजूला गेला, डोळे मिटून त्याने दारावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"अण्णा," तो परत येऊन म्हणाला, "डावी बाजू उजव्यासारखी करा. चारही दारं."

"आणि चार किलोमीटर?" आसावरीने विचारले.

"ते मी बॅटरीवाल्यांशी भांडून मिळवतो."

मित्रांनो, जुन्या कंपनीत दीड वर्षात जे झाले नाही, ते इथे डबा उघडायच्या आत झाले.

अण्णांनी या वेळी खालची माती तापवून मला परत बसवले, आणि सोमवारी लेझर माझ्यावरून फिरला. मंगळवारी मला खरवडले. शारदाबाईंचा ठसा माझ्यातून गेला. मातीला आठवणी ठेवता येत नाहीत, असे म्हणतात. मी ठेवल्या आहेत.

त्याला आता दोन वर्षे होत आली. कंपनी वाढली. अण्णा आता घरी असतात. शेडमध्ये संगणकाचे मोठे पडदे आले आहेत आणि माझे खोके जिन्याखाली, खिडकीशी ढकलले आहे. वर धूळ बसते. कधी आसावरी येता-जाता झाकण उघडून मला चिमटीत घेते, तेवढेच.

पण या खिडकीतून मी एक गोष्ट पाहिली आहे. एका गुरुवारी अंगणात पहिली तयार गाडी उभी होती. पत्र्याची, खरीखुरी. अण्णा शारदाबाईंना घेऊन आले आणि मुद्दाम दहा पावले मागे थांबले. शारदाबाई एकट्याच पुढे गेल्या. हात आत गेला. खट् असा आवाज झाला आणि दार उघडले. त्या आत बसल्या. मग लगेच उतरल्या, दार लावले आणि पुन्हा उघडले. असे त्यांनी तीनदा केले. कोणी त्यांना घाई केली नाही.

मग त्या आतून ओरडल्या, "अहो, येताय ना? कमला पेटी काढून बसली असेल!"

अण्णा जाऊन बसले आणि गाडी आवाज न करता फाटकाबाहेर गेली.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन काही ना काही घडवाल. घडवताना ते कोणाच्या हातात जाणार आहे, तो हात एकदा आपल्या हातात घेऊन पाहा. जुन्या कारागिरांना माळ्यावर टाकू नका, आणि जमले तर मलाही अधूनमधून तापवा. आणि रस्त्यात तुम्हाला कधी खळग्याच्या हँडलची गाडी दिसली, तर तिचे दार हळूच उघडा. तिथे शारदाबाईंचा हात आहे, आणि तो दुखतो.